टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलताना

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढून माथ्यावर गाडी थांबवावी आणि एसीच्या जाळीतून जळक्या तेलाचा वास यावा, हा अनुभव आठ-दहा वर्षं जुन्या गाडीच्या मालकाला नवा नाही. सपाट रस्त्यावर हा वास जाणवत नाही. चढावर इंजिन तापतं, गाडी थांबली की वारा थांबतो आणि गरम मॅनिफोल्डवर पडलेला तेलाचा थेंब धुमसू लागतो. बहुतेक वेळा हा थेंब इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाखालून आलेला असतो. झाकणाखालचं रबरी पॅकिंग काही शे रुपयांत मिळतं आणि ते बदलणं घरच्या पार्किंगमध्ये, एका सकाळी, नीट जमण्यासारखं आहे. मात्र यात ताकद फार कमी लागते आणि सफाई फार लागते. गॅरेजातून बदलून आणलेलं पॅकिंग चार महिन्यांत पुन्हा झिरपायला लागतं, तेव्हा बहुधा हेच प्रमाण उलटं झालेलं असतं.

नाव टॅपेटचं का

पुस्तकात याला वाल्व्ह कव्हर किंवा सिलिंडर हेड कव्हर म्हणतात. गॅरेजात आणि स्पेअर पार्टच्या दुकानात मात्र ‘टॅपेट कव्हर पॅकिंग’ म्हणूनच मागा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी असो की अँबॅसडर, त्या काळच्या इंजिनांचे टॅपेट ठरावीक किलोमीटरनंतर फीलर गेज घालून जुळवावे लागत. त्यासाठी हे झाकण उघडावं लागे. झाकणाला टॅपेटचं नाव पडलं ते या कामावरून. तेव्हा बुचाचं पॅकिंग असे. ते दबून चपटं होई, सुकून तडके, आणि थोडी ओल सगळ्यांनी गृहीतच धरलेली असे. आजच्या इंजिनांत टॅपेट वारंवार जुळवावे लागत नाहीत. त्यामुळे झाकण वर्षानुवर्षं उघडलं जात नाही आणि त्याखालचं रबर तिथल्या तिथे म्हातारं होतं.

या रबराचं काम सोपं आहे. खाली ॲल्युमिनियमचं हेड, वर ॲल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं कव्हर आणि मध्ये खाचेत बसलेली रबराची कड. बोल्ट आवळले की रबर दबतं, आणि दबलेलं रबर परत फुगायला बघतं. त्याचं हे फुगू पाहणंच तेल अडवतं. रोज तापून थंड होण्यात ते कडक होतं, फुगण्याची ओढ जाते आणि दबलेल्या आकारातच ते थिजतं. जुनं पॅकिंग काढल्यावर वाकवून बघा. नवं नागासारखं वळतं, जुनं काडीसारखं मोडतं.

गळती तिथलीच आहे का

हे ठरवल्याशिवाय दुकानात जाऊ नका. तेल वरून खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून खाली थेंब कुठे पडतो यावरून काही कळत नाही. ओलीची सगळ्यात वरची जागा शोधायची. तेल भरायच्या बुचाची रिंग गेली असेल, किंवा भरताना सांडलेलं तेलच ओघळलेलं असेल, तरी कव्हरची कड ओली दिसते.

यावर साधा उपाय टाल्कम पावडरचा. थंड इंजिनावरची कड डीग्रीझरने आणि ब्रशने साफ करा, कोरडी करा आणि कडेच्या खाली सगळीकडे पावडर भुरभुरवा. वीस-पंचवीस किलोमीटर फिरून या आणि टॉर्च घेऊन बघा. जिथून तेल येतं तिथे पांढऱ्यावर काळपट ओघळ स्पष्ट उमटतो. पाण्याच्या फवाऱ्याने इंजिन धुऊन हे काम करू नका, कॉइलमध्ये पाणी गेलं तर नवंच दुखणं सुरू होतं.

दुसरी खूण प्लगच्या विहिरीत सापडते. ज्या इंजिनांत स्पार्क प्लग कव्हरच्या मधोमध खोल विहिरीत असतात, तिथे प्रत्येक विहिरीभोवती वेगळी सील असते. ती गेली की तेल बाहेर दिसतच नाही, विहिरीत साठतं. कॉइल उपसून काढली की तिचं रबरी बूट तेलाने माखलेलं निघतं. हे तेल बूट फुगवतं, ठिणगी भलतीकडे पळते आणि गाडी मिसिंग मारते. नुसते प्लग बदलून हा दोष जात नाही.

आधी दाब बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली निसटतो. तो पीसीव्ही वाल्व्हमधून पुन्हा इंटेककडे ओढला जातो. काजळीने हा वाल्व्ह चोंदला की वायूला वाट राहत नाही, इंजिनाच्या पोटात दाब चढतो आणि तो सगळ्यात कमजोर सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. मग पॅकिंग कितीही नवं घाला.

वाल्व्ह काढून कानाजवळ हलवा. आतला तुकडा टिकटिक वाजला पाहिजे. इंजिन आयडलवर असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवलं तर ओढ जाणवली पाहिजे. वाजत नसेल तर नवा घ्या, तो महाग भाग नाही. त्याला जोडलेली रबरी नळी चिरली किंवा चपटी झाली असेल तर तीही बदला. वाल्व्ह ठीक असूनही तेलाच्या बुचातून जोराने धुरकट हवा फसफसत असेल, तर दोष पिस्टन रिंगांकडचा असू शकतो. अशा इंजिनाला नवं पॅकिंग घालण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावं.

उघडण्याआधी

उदाहरणाला मारुतीचं के-टेन-बी इंजिन घेऊ, कारण वॅगन आर आणि ऑल्टो के-टेनमुळे ते आपल्याकडे दर दुसऱ्या सोसायटीत उभं आहे. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट, टायमिंग बेल्टऐवजी चेन, आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल. इतर लहान पेट्रोल गाड्यांतही काम याच वळणाने जातं.

दहाची गोटी, छोटा रॅचेट, एक्स्टेन्शन, शक्य असेल तर टॉर्क पाना. प्लॅस्टिकचा स्क्रॅपर, जुना टूथब्रश, बांबूची काडी, धागे न सोडणारं फडकं, ब्रेक क्लीनर. पॅकिंगचा संच घेताना विहिरींच्या सील त्यातच आहेत का ते विचारा, आणि नसतील तर वेगळ्या घ्या. बाहेरची कड बदलून आतल्या सील जुन्या ठेवणं म्हणजे महिन्याभराने हेच काम पुन्हा करणं.

एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो. गाडीला सीएनजी किट असेल आणि कव्हर काढायच्या वाटेत त्याची नळी किंवा रेल येत असेल, तर तिथे घरी हात घालू नका. टाकीत गॅस सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. ते काम किटचं प्रशिक्षण असलेल्या माणसाचं आहे.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. कोमट हेडवरचे बोल्ट फिरवू नयेत, ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. ऑइल मात्र काढायची गरज नाही, इंजिन बंद असताना ते खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं.

कव्हर काढणं

आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा, मग एअर फिल्टरचा डबा आणि नळ्या सोडवा. कॉइलच्या कनेक्टरची जीभ दाबल्याशिवाय ओढू नका, जुनं प्लॅस्टिक कट्कन तुटतं. कॉइल ज्या सिलिंडरची त्याच क्रमाने बाजूला मांडा. विहिरीत तेल असेल तर ते चिंधीने पूर्ण टिपून घ्या, आणि तोवर प्लगला हात लावू नका. प्लग आधी काढला तर ते तेल, आणि त्यातली वाळू, थेट सिलिंडरमध्ये जाते.

कव्हरभोवतीची धूळ ब्रशने झाडून मगच बोल्ट सोडा. बाहेरच्या बाजूने सुरुवात करून आत या, प्रत्येक बोल्ट आधी अर्धा वळसा, मग पूर्ण. सगळे मोजून ठेवा. कव्हर चिकटलेलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने हलकेच ठोका. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, त्याचा एक ओरखडा कायमची गळती देतो.

कव्हर उचललं की कॅमशाफ्ट आणि चेन उघडी पडते. लगेच वर स्वच्छ फडकं झाका. एक नट चेनच्या बाजूला पडला तर सकाळचं काम आठवड्याचं होतं.

सफाई

अर्धा वेळ इथे जाऊ द्या. कव्हरच्या खाचेतलं जुनं रबर बांबूच्या काडीने काढा, कोपऱ्यांत चिकटलेल्या काळ्या पापुद्र्यांसकट. मग ब्रश, मग क्लीनरने भिजवलेलं फडकं, आणि शेवटी बोट फिरवून बघणं. बोटाला खरखर लागली तर पुन्हा. हेडच्या बाजूलाही हेच, फक्त तिथे क्लीनर आत ओतायचा नाही, फडक्यावर घेऊन पुसायचं.

पॉलिश पेपर इथे आणूच नका. बऱ्याच ठिकाणी हेडची कड त्याने घासून ‘चकचकीत’ करतात. त्याचे कण तेलात उतरतात आणि बेअरिंगपर्यंत पोचतात. गळती थांबवताना इंजिन झिजवण्यात काय अर्थ? लोखंडी पट्टीही नको, प्लॅस्टिकच्या स्क्रॅपरने निघत नाही असं काही तिथे नसतं, थोडा वेळ द्यावा लागतो इतकंच.

कव्हर सपाट टेबलावर किंवा काचेवर ठेवून डोलतं का ते बघा. पूर्वी कुणी आवळून ते वाकवलं असेल, किंवा प्लॅस्टिकच्या कव्हरला केसाएवढी चीर असेल, तर तेल तिथूनच येत राहणार.

सिलिकॉन किती

काउंटरवर ‘ॲनाबॉण्ड’ म्हणून मागितलं जाणारं सिलिकॉन पॅकिंगच्या पूर्ण घेराला फासायची आपल्याकडे सवय आहे. काळजीपोटीच करतात, पण ते चूक आहे. रबरावर सिलिकॉन लावलं की रबर घट्ट पकड घेण्याऐवजी घसरतं, आणि आत दाबून निघालेली सिलिकॉनची शेपटी तुटून तेलाबरोबर फिरते. ती ऑइल पंपाच्या जाळीवर बसली की इंजिनाला तेल कमी पडतं.

सिलिकॉन लागतं ते फक्त काही बिंदूंवर. चेनचं कव्हर आणि हेड जिथे जुळतात, तिथे दोन्ही बाजूंना एक उभी फट असते. रबर ती पुरती भरू शकत नाही. त्या जागी मुगाच्या दाण्याएवढा थेंब पुरतो. काही इंजिनांत कॅमशाफ्टच्या टोकाला अर्धचंद्राकार वळण असतं, त्याच्या दोन्ही कोपऱ्यांनाही असाच थेंब. थेंब लावला की काही मिनिटांतच कव्हर बसलं पाहिजे, वरची साय धरली तर ते चिकटत नाही. म्हणून आधी सगळी तयारी, नंतर सिलिकॉन.

नवं पॅकिंग खाचेत कोरडंच दाबत जा, कोपऱ्यांपासून सुरुवात करून. ते कुठे वर आलेलं नाही ना, हे बोटाने चाचपडून बघा. कव्हर उलटं करताना रबर खाली लोंबलं तर ते चिमटलं जातं, आणि मग गळती पहिल्यापेक्षा जास्त होते. कव्हर सरळ वरून उतरवा, बाजूने सरकवू नका.

आवळणं

बहुतेक बोल्ट सहा मिलिमीटर जाडीचे असतात आणि लहान इंजिनांत त्यांचा आवळा साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. १० न्यूटन-मीटर म्हणजे किती ते हाताला कळायला हवं. रॅचेट दहा सेंटिमीटरवर धरला तर साधारण दहा किलोचा जोर, पण तीस सेंटिमीटरच्या लांब हॅण्डलच्या टोकाला धरला तर जेमतेम साडेतीन किलो. म्हणजे लांब पान्याने आपण नुसता हात टेकवला तरी मर्यादा ओलांडतो. माझ्या पहिल्या खेपेला मी अशाच पान्याने ‘अजून थोडं’ म्हणत गेलो आणि एका बोल्टाचे आटे घेतले. लेथवाल्याकडून हेलिकॉइल बसवून घ्यावी लागली.

आधी सगळे बोल्ट बोटांनी टेकेपर्यंत फिरवा. मग मधून सुरू करून, आडवेतिडवे, बाहेर जा. पहिल्या फेरीत अर्धा जोर, दुसरीत पूर्ण. बऱ्याच कव्हरांत बोल्टाची बाही खाली टेकली की रबर हवं तेवढंच दबलेलं असतं. त्यापुढचा जोर फक्त आट्यांवर आणि कव्हरवर जातो. नंतर ओल दिसली तर पान्याला हात घालू नका. पुन्हा उघडून काय चुकलं ते शोधा.

सुरू केल्यावर

सिलिकॉनच्या ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा. रात्रभर गाडी उभी ठेवता आली तर उत्तम. कॉइल, नळ्या, एअर फिल्टर फोटोशी ताडून लावा, बॅटरी जोडा, ऑइलची पातळी बघा आणि दहा मिनिटं आयडलवर चालू ठेवा. मॅनिफोल्डवर आधी पडलेलं तेल जळत असतं, त्यामुळे पहिले काही किलोमीटर थोडा धूर आणि वास येईल. तो उतरत गेला पाहिजे. इंजिन धडधडत असेल तर एखादी कॉइल नीट बसलेली नाही.

तेलाने माखलेल्या चिंध्या उन्हात ढिगाने टाकू नका, गटारात तर नाहीच. बंद डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

आठ दिवसांनी पुन्हा पावडर भुरभुरवा, घाटाचा एक फेरा मारा आणि टॉर्च घेऊन कड बघा. पावडर पांढरीच राहिली असेल तर तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहा, आणि तो गाडीच्या फायलीत लावून टाका.