मँटल म्हणजे काय? भूगर्भशास्त्रातला आणि जीवशास्त्रातला अर्थ

मोबाईलवर ‘मँटल’ सर्च केलं की कधी पृथ्वीचं कापलेलं चित्र येतं, तर कधी शिंपला. मग बरोबर कोणतं? दोन्ही! हा शब्द लॅटिनमधून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ आहे अंगावर पांघरायचा झगा. म्हणजेच आतल्या भागाला झाकणारं आवरण.

भूगर्भशास्त्रात मँटल

पृथ्वीचं वरचं कवच आणि मधला गाभा यांच्यामधला थर म्हणजे मँटल. भूगोलाच्या पुस्तकात याला ‘प्रावरण’ म्हणतात. हा थर सुमारे 2,900 किमी खोलीपर्यंत जातो आणि पृथ्वीचं 80 टक्क्यांहून जास्त आकारमान याचंच आहे.

इथे बरेच जण चुकतात. मँटल म्हणजे उकळत्या लाव्हाचा समुद्र नाही! तो जवळजवळ सगळा घन खडक आहे. हे कसं कळलं? भूकंपाच्या ‘एस’ लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण मँटलमधून आरपार जातात. हा तापलेला खडक घन असूनही वर्षाला काही सेंटीमीटर सरकतो. वर येताना दाब कमी झाला की त्याचा थोडा भाग वितळतो आणि मॅग्मा तयार होतो.

रशियात कोला इथे 12,262 मीटर खोल भोक पाडलं होतं, तरी मँटल गाठता आलं नाही.

जीवशास्त्रात मँटल

शिंपले, गोगलगाय, माकूल, ऑक्टोपस हे मृदुकाय प्राणी. त्यांच्या शरीरावरची मऊ त्वचेची घडी म्हणजे मँटल, मराठीत ‘प्रावार’. शिंपल्याचं कवच हीच घडी बनवते, कॅल्शियम कार्बोनेटचे थर देऊन. मोतीही तिच्याच पेशी घडवतात. माकुलाचं नळीसारखं अंग म्हणजे त्याचं मँटल. ते आवळून तो पाणी जोरात बाहेर फेकतो आणि सुसाट पळतो.

लक्षात कसं ठेवायचं?

वाक्यात खडक, भूकंप, ज्वालामुखी असेल तर प्रावरण. प्राणी, कवच, मोती असेल तर प्रावार. सर्च करतानाही ‘मँटल पृथ्वी’ किंवा ‘मँटल शिंपला’ असे दोन शब्द टाका, गोंधळ होणार नाही.

आणि कोकणात गेलात तर किनाऱ्यावरचा काळा कातळ बघा. तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे मूळचा पृथ्वीच्या मँटलमधून आलेला. त्यावर चिकटलेलं कालव मात्र स्वतःच्या मँटलने कवच बनवतं. दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी!