डब्यावरची चिठ्ठी

रात्री साडेबाराला आई पाणी प्यायला उठते आणि माझ्या खोलीतला दिवा बघून विचारते, "अजून काय करतोयस रे?"

"पॅकिंग."

पहिल्यांदा तिला वाटलं, मी गावाला निघालोय. समजावून सांगितल्यावर म्हणाली, "म्हणजे परदेशी फराळ धाडतात तसंच की!" वाचकहो, इतकी चपखल व्याख्या मला पुस्तकातही सापडलेली नाही.

डेबियन नावाची एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. इयन मरडॉक या विद्यार्थ्यानं ती १९९३ साली सुरू केली आणि मैत्रीण डेब्राचं व आपलं नाव जोडून बारसं उरकलं. जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात, त्यांतलाच मी एक चिल्लर. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवाचून तिचं पान हलत नाही. (हे नाव अजगराचं नव्हे बरं का, माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींचं.) या भाषेची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरात येते, म्हणजे ऐन फराळाच्या हंगामात!

भाषेचे कर्ते देतात तो कोरडा शिधा. तो दळायचा-तळायचा, म्हणजे कंपाइल करायचा, कुठली फाइल कुठल्या कप्प्यात जाणार ते ठरवायचं आणि डब्यावर चिठ्ठी लावायची, की याच्यासोबत आणखी काय काय लागेल. चिठ्ठी चुकली, तर डबा पोचतो पण उघडत नाही. शिवाय एका घाण्यात भागत नाही. घरच्या संगणकापासून आयबीएमच्या अवाढव्य मेनफ्रेमपर्यंत प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी घाणा वेगळा. मेनफ्रेमवर आकड्याचे बाइट उलट्या क्रमानं मांडलेले असतात, त्यामुळे एखादी चाचणी नेमकी तिथेच नापास होते आणि आपण डोकं धरून बसतो.

नवी आली म्हणून जुनीला लगेच हाकलत नाहीत. दोघी काही काळ शेजारी नांदतात. ज्यांचे काही भाग सी भाषेत लिहिलेले आहेत अशी शेकडो पॅकेजं नवीसाठी पुन्हा बांधायची, मोडतील ती दुरुस्त करायची, मग नवीला मुख्य करायचं आणि शेवटी जुनीला निरोप. पायथन ३.१३ ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, डेबियनच्या तेराव्या आवृत्तीतून घरोघरी पोचली ती ऑगस्ट २०२५ मध्ये. फराळ असता तर खवट झाला असता.

या ३.१३ मधून १९ जुनी मॉड्यूलं कायमची काढली. मॉड्यूल म्हणजे तयार वाटणच म्हणा. त्यांत सीजीआय होतं. वेबच्या पानावर भरलेला फॉर्म प्रोग्रॅमपर्यंत पोचवणारं, वयोवृद्ध. यादी वाचून मी मान डोलावली होती, बरं झालं, अडगळ गेली!

मग एका छोट्या वाचनालयाच्या काकांचा फोन आला. "अरे, देवघेवीचं पान उघडत नाही. दोन दिवस वहीत लिहितोय. तुला सवड होईल तेव्हा बघ, घाई नाही."

तो देवघेवीचा प्रोग्रॅम मीच कॉलेजात असताना त्यांना करून दिला होता, सीजीआय वापरून. आणि त्यांचा संगणक नव्या डेबियनवर नेणाराही मीच. अडगळ कुणाची होती ते कळलं. त्यांच्या "घाई नाही"नं तर जास्तच लागलं.

नशिबानं कुणा स्वयंसेवकानं ते जुनं मॉड्यूल वेगळ्या पॅकेजात जपून ठेवलं होतं. एका ओळीचा हुकूम दिला आणि पान उघडलं. काकांनी चहा पाजला, वर दोन दिवसांच्या नोंदी वहीतून उतरवून घेतल्या. मी सांगत गेलो, ते टिपत गेले. चूक कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही, मीच सांगून टाकलं. "असं होय," एवढंच म्हणाले.

माझ्याकडच्या एका पॅकेजातलीही एक जुनी सोय पुढच्या आवृत्तीत जायची आहे. अपग्रेडच्या वेळी वाचायला मिळेल अशी सूचना पॅकेजात ठेवता येते; एरवी मी तो कंटाळा केला असता. परवा रात्री तीच लिहीत होतो, काकांना कळेल अशा भाषेत, आणि चौथ्यांदा खोडत होतो.

"अजून भरून झालं नाही का रे?" दारातून आई.

"भरून झालंय. चिठ्ठी लिहितोय."