एकदा घातलेला पोशाख

मार्च २०१८ मध्ये ऑस्कर सोहळ्याच्या लाल गालिच्यावर ८६ वर्षांच्या अभिनेत्री रिटा मोरेनो आल्या. अंगात तोच गाऊन होता, जो घालून त्यांनी १९६२ साली ‘वेस्ट साइड स्टोरी’साठी ऑस्कर स्वीकारले होते. किमोनोवर बांधतात त्या जपानी पट्ट्याचे भरजरी कापड, आणि तो घडवणारे पिटॉय मोरेनो फिलिपाइन्सचे. वरचा भाग थोडा बदलून घेतला, बाकी पोशाख छप्पन्न वर्षे जपलेला. आपल्याकडे निकाहचा जोडा पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवतात तसा. तरीही जगभर त्याची बातमी झाली, कारण तिथे एकदा घातलेला पोशाख पुन्हा घालायचा नाही, असा अलिखित नियम आहे.

त्याच सोहळ्यात टिफनी हॅडिश या विनोदी अभिनेत्रीने आपला पांढरा गाऊन पुन्हा घातला. चार हजार डॉलरहून अधिक पैसे मोजून तिने तो स्वतः विकत घेतला होता. एकदा फोटो निघाला की तो पुन्हा घालता येत नाही, असे लोकांनी तिला सांगितले. एवढे पैसे घातलेत, तर मी तो पुन्हा पुन्हा घालणार, असे तिने टीव्हीवर हसत हसत जाहीर केले आणि शब्द पाळला.

हा नियम आला कुठून? लाल गालिच्यावरचे बहुतेक पोशाख नटीच्या मालकीचे नसतातच. मोठमोठ्या फॅशन कंपन्या ते एका रात्रीपुरते वापरायला देतात. दागिनेही पुष्कळदा तसेच. पत्रकार विचारतात, पोशाख कोणाचा? नटी नाव सांगते, फोटो जगभर जातो आणि कंपनीची जाहिरात होते. दुसऱ्या दिवशी पोशाख परत! कंपनीला दर वेळी नवा माल दाखवायचा असतो, म्हणून नटीचा पोशाखही दर वेळी नवा.

यात पुरुष मात्र सुटले. काळा सूट दरवर्षी तोच असला तरी कोण बघतो? २०२० मध्ये वाकिन फीनिक्स यांनी सगळ्या पुरस्कार सोहळ्यांना एकच सूट घातला, तर त्यांचे कौतुक झाले. बाईने असे केले की आधी चर्चा होते.

आता काही जणी ठरवून हा नियम मोडत आहेत. केट ब्लँचेट यांनी २०१४ च्या गोल्डन ग्लोब सोहळ्यातला काळ्या लेसचा गाऊन २०१८ मध्ये कान महोत्सवात घातला. यापुढे नवे कपडे घेणार नाही असे जाहीर केलेल्या जेन फोंडा २०२० च्या ऑस्करला सहा वर्षे जुन्या लाल गाऊनमध्ये आल्या. आपल्याकडे आलिया भट्ट यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार घेताना आपल्या लग्नातलीच साडी नेसली.

हे सारे आम्ही वर्गात सांगितले, कारण गॅदरिंगच्या आधी नववीतली एक मुलगी नाव मागे घ्यायला आली होती. “टीचर, ईदचाच ड्रेस आहे. सगळ्यांनी स्टेटसला पाहिलाय.” अम्मीकडे नवा मागायची तिची हिंमत नव्हती. तिच्या अम्मी शिलाईकाम करतात. तो ड्रेस त्यांनीच रात्री जागून शिवला होता.

आम्ही तिला एवढेच म्हणालो, “बेटा, त्या नट्यांचा पोशाख उधारीचा असतो. तुझा तुझ्या मालकीचा आहे.” ती त्याच ड्रेसमध्ये स्टेजवर आली. ओढणी तेवढी मोठ्या बहिणीची होती.

लग्नसराई आली की मेहंदीला वेगळा, निकाहला वेगळा, वलीम्याला वेगळा जोडा हवा, असा हट्ट आता साध्या घरांतही होतो. नटीला तो एका रात्रीसाठी फुकट मिळतो. आपल्या घरी त्याचे हप्ते फेडावे लागतात. तेव्हा बाजारात जाण्याआधी एकदा पेटी उघडून पाहू या. आणि कुणी जुना जोडा घालून आली, तर “हा त्या लग्नातलाच ना?” असे विचारण्याऐवजी “खूप शोभतोय” म्हणू या. मुली आपलेच ऐकून शिकतात.