पाच घरांचे फळ

अनंत चतुर्दशी उलटून पितृपक्ष सरत येतो, हस्ताच्या शेवटच्या सरी पडून जातात आणि खारेपाटातील भाताच्या लोंब्या दाण्यांच्या भाराने वाकू लागतात, त्या दिवसांत पेणच्या बाजारात सफरचंदांच्या राशी दिसू लागतात. हिमाचल आणि काश्मीर या दूरच्या मुलखांत याच सुमारास झाडांवरून उतरवलेले हे फळ वाशीच्या घाऊक बाजारातून इकडे येते, नवरात्राच्या उपवासासाठी दोन-दोन, तीन-तीन असे विकत घेतले जाते, आणि एरवी घरात कुणी आजारी पडल्याखेरीज ते सहसा दिसत नाही. अशा या पाहुण्या फळाभोवती पहिली-दुसरीच्या मुलांचे आठवडाभराचे शिक्षण गुंफता येते काय, हे पाहण्याचा योग मला गेल्या शरदात आला.

शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी म्हणून मी बरीच वर्षे शाळातपासणीचे काम केले. तालुक्याच्या कचेरीतून निघायचे, हजेरीपट पाहायचा, दप्तर तपासायचे, चार मुलांना वाचायला लावायचे आणि शेरेपुस्तकात शेरा लिहून पुढच्या शाळेची वाट धरायची, या क्रमात मुलांकडे निवांत पाहत बसण्यास अवसर फारसा मिळत नसे. सेवानिवृत्तीनंतर मात्र काही शिक्षकांच्या संमतीने मी वर्गाच्या मागच्या भिंतीशी बसू लागलो, आणि ज्या गोष्टी माझ्या शेऱ्यांत कधीच उतरल्या नव्हत्या त्या दिसू लागल्या.

त्यांतली एक गोष्ट जुनी आहे, आणि ती आधी सांगितली पाहिजे. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, आणि तेव्हापासून ‘ए फॉर ॲपल’ हे प्रत्येक मुलाच्या तोंडी पहिल्या अक्षराबरोबर बसले. फळ जिभेवर येण्याआधी त्याचे चित्र डोळ्यांत आणि नाव कानांत आले. एका शाळेत मी तपासणीला गेलो असता मुलांना सफरचंदाचे छापील चित्र रंगवायला दिले होते; सर्वांनी लाल रंगवले, एकाने हिरवे रंगवले, आणि त्याच्या चित्रावर फुली पडली. बाजारात आपण हिरवेच पाहिले, असे तो मुलगा हलक्या आवाजात म्हणाला. ते मला ऐकू आले, वर्गाला ऐकू आले नाही, आणि मी त्या दिवशी शेरेपुस्तकात त्याविषयी एक अक्षरही लिहिले नाही. ती फुली आजही माझ्या मनातून गेलेली नाही. ज्याने वस्तू पाहिली होती तो चुकला आणि ज्यांनी केवळ चित्र पाहिले होते ते बरोबर ठरले, यापरता शिक्षणाचा विपर्यास तो कोणता?

पेणजवळच्या खारेपाटातील ज्या वर्गात मी गेल्या शरदात बसलो, तिथल्या बाईंनी चित्र आणलेच नव्हते. त्यांनी पिशवीतून चार सफरचंदे काढली: दोन लाल, एक लाल-पिवळसर पट्ट्यांचे आणि एक हिरवे. हजेरीपटावर सव्वीस नावे होती, हजर चोवीस. फळे हातोहात फिरली. मुलांनी ती हुंगली, गालाला लावली, देठ ओढून पाहिला. “कुणी कुणी खाल्लंय?” असे विचारल्यावर निम्म्याअधिक हात वर आले, आणि एक मुलगी म्हणाली, “आजी दवाखान्यात व्हती तवा.” बाईंनी ते वाक्य तसेच्या तसे फळ्यावर लिहिले आणि साऱ्या वर्गाकडून वाचून घेतले. वाचनपाठाचा आरंभ असा मुलांच्याच तोंडच्या वाक्याने झाला, आणि पुढची पंधरा मिनिटे फळ्यावर अशी वाक्ये जमत गेली.

मग सुरी आली. आपण सारे सफरचंद देठापासून खाली, उभे चिरतो. बाईंनी ते आडवे ठेवून बरोबर मध्यावर चिरले आणि दोन्ही अर्धे वर्गाकडे फिरवले. “चांदनी!” असा एकच गलका झाला. मध्यभागी पाच टोकांची नेटकी चांदणी, तिच्या प्रत्येक पाकळीत एक पोकळी, आणि पोकळीत तपकिरी, चकचकीत बिया. मुलांनी त्या पोकळ्यांना ‘घरं’ म्हटले आणि बाईंनीही तोच शब्द स्वीकारला. पाच घरे, प्रत्येकात बहुधा दोन बी, एका घरात मात्र एकच निघाले, तेव्हा बेरीज दहाऐवजी नऊ झाली, आणि एका मुलाने अत्यंत गंभीरपणे विचारले, “एकाचा भाऊ कुठं गेला?”

हे फळ ज्या फुलापासून होते ते पाच पाकळ्यांचे असते आणि ते गुलाबाच्या कुळातले आहे. आपण आवडीने खातो तो गर वास्तविक फुलाच्या बुडाशी असलेल्या पुष्पासनाचा फुगलेला भाग असून, खरे फळ म्हणजे आपण फेकून देतो तो मधला बीजकोश होय. हे वनस्पतिशास्त्र बाईंनी मुलांना सांगितले नाही, आणि ते योग्यच केले. सहा वर्षांच्या मुलाला पाचपण दिसले, मोजता आले, मातीत बोटाने काढता आले, एवढे पुरे. कारण विचारण्याचे वय येईल तेव्हा ही चांदणी त्याच्या स्मरणात असेल.

चिरलेल्या दोन अर्ध्यांपैकी एकावर लिंबू पिळले आणि दुसरे तसेच उघडे ठेवले. अर्ध्या तासात उघडे तांबूस झाले, लिंबू लावलेले बरेचसे पांढरे राहिले. फळातील एक विकर हवेतल्या प्राणवायूच्या संयोगाने हा रंग आणते आणि आम्लाने त्याचे काम मंदावते, हे शास्त्र मोठ्यांसाठी, पण मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “आई वांगी चिरून पान्यात टाकते ना, तसं.” बाई क्षणभर थबकल्या. तयार करून आणलेल्या पाठात हे नव्हते, आणि तेच त्या दिवसाचे सर्वांत मोठे शिकणे होते, असे मला वाटते. दुसऱ्या दिवशी वर्गात वांगे आले, बटाटा आला आणि पाण्याने भरलेली घमेलीही आली; सफरचंदाच्या गरात बरीच हवा कोंडलेली असल्याने ते तरंगले, बटाटा तळाला गेला, आणि मोठे ते बुडते, लहान ते तरंगते हा वर्गातील कित्येकांचा समज तिथेच संपला.

परंतु ज्यावर मला अधिक वेळ थांबावेसे वाटते तो भाग वाटणीचा. उरलेली तीन सफरचंदे आणि मुले चोवीस. बाईंनी उत्तर दिले नाही, सुरी हातात धरून त्या नुसत्या थांबल्या. एक चिरले की अर्धे, अर्ध्याचे अर्धे म्हणजे पाव, आणि तीन पाव एकत्र ठेवले की पाऊण. हे शब्द मुलांना दुकानातून ठाऊक होते, पाव किलो साखर आणि अर्धा लिटर दूध आणताना त्यांनी ते शेकडो वेळा उच्चारले होते. पण पावाचा आकार त्यांनी आज प्रथम पाहिला. एका अख्ख्या फळाजवळ एक पाव ठेवला, सव्वा; अर्धे ठेवले, दीड; पाऊण ठेवला, पावणेदोन. आपल्या भाषेने अपूर्णांकांना अशी स्वतंत्र, घरगुती नावे देऊन ठेवली आहेत, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचे पाढे आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ असत. ते पाढे गेले याची मला खंत नाही. पण त्यांच्याबरोबर हे शब्दही मुलांच्या गणितातून निघून गेले आणि वरच्या इयत्तांत रेघेच्या वर-खाली लिहिलेल्या अंकांचे भय त्यांच्या जागी आले, याची मात्र खंत आहे. चार पाव करून बारा तुकडे झाले, निम्मी मुले उपाशी राहिली. मग प्रत्येक पावाचे पुन्हा दोन करायचे, हे एका मुलाला सुचले. चोवीस तुकडे झाले. कुणाला सूत्र सांगावे लागले नाही.

या सर्व खटाटोपामागे जो विचार आहे तो याच तालुक्याला परका नाही. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली विनोबांचा जन्म झाला. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नयी तालीमची रूपरेषा आखण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली तीत ते होते. एका प्रत्यक्ष कामाभोवती भाषा, गणित आणि सृष्टिज्ञान गुंफण्याच्या त्या रीतीला आपले जुने शिक्षक ‘समवाय’ म्हणत. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पाने यांतूनच बालशिक्षणाची साधने उभी केली. बाईंच्या सफरचंदात मला ती परंपरा दिसली. फरक एवढाच, की हे फळ आपल्या मातीतले नव्हते. “बाई, ह्याचं झाड आपल्याकडं का नाय?” असे विचारले गेलेच. डेलिशियस जातीच्या झाडाला हिवाळ्यात सुमारे हजार तास तरी कडक थंडी लागते. हिमाचलातील कोटगढ भागात सॅम्युएल स्टोक्स यांनी ही अमेरिकन जात १९१६ साली लावली, ती तिथल्या थंडीमुळेच रुजली. बाईंनी मुलांना सांगितले, “त्या झाडाला थंडीत झोपायला लागतं, आपल्याकडं त्याला झोपच येणार नाही.” ज्या मुलीने आजीच्या दवाखान्याचे सांगितले होते तिने मग विचारले, “सीताफळात चांदनी असती का?”

बाईंनी हा प्रश्न माझ्या स्वाधीन केला, कारण मी दोन दिवसांनी रोह्याकडच्या एका शाळेत जाणार होतो. आणि तिथल्या मुलांसाठी माझ्याबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळलेला शाडूचा एक मोठा गोळा दिला. हमरापूर-जोह्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांत हंगामानंतर उरलेली ती माती. पेणहून कासू, नागोठणे करीत गाडी रोह्याला पोचली तेव्हा धावीर महाराजांच्या पालखीची गर्दी नुकतीच ओसरली होती. कुंडलिका ओलांडून डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीवरच्या शाळेत मी गेलो, तिथे एकच गुरुजी पहिली-दुसरी एकत्र सांभाळतात आणि वर्गात बरीच मुले कातकरी आहेत.

इथे सफरचंद दाखवण्याची गरजच नव्हती. प्रश्न ऐकताच तीन मुले पळाली आणि टोपलीभर सीताफळे घेऊन आली. वर्गात एरवी फारसा न बोलणारा एक मुलगा त्या दिवशी साऱ्यांचा गुरू झाला: डोळे उघडले की तोडायचे, आधी तोडले तर काळे पडते, तोडून गवतात अढी घालायची, आणि बी डोळ्याजवळ न्यायचे नाही. शेवटची सूचना त्याच्या आजीची, आणि ती अगदी खरी आहे, कारण त्या बियांची पूड डोळ्यात गेली तर भयंकर इजा होते. गुरुजींनी त्याचे प्रत्येक वाक्य फळ्यावर उतरवले. फळ आडवे चिरले. चांदणी नव्हती, मधे पांढरा दांडा आणि त्याभोवती पाकळ्यांसारखे रचलेले गर, प्रत्येकात एक काळे बी. बिया धुऊन दहा-दहाच्या रांगा लावल्या, पाच रांगा पूर्ण झाल्या आणि तीन उरल्या. त्रेपन्न घरे. करवंट्यांचा तराजू करून सीताफळ गोट्यांनी तोलले. सफरचंद असते तर किती गोट्या, असे एकाने विचारले. ते पेणच्या मुलांना विचारायचे ठरले.

परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर आठ सीताफळे आणि मुलांच्या हातची एक चिठ्ठी होती. सफरचंद हे नाव अरबीतील सफरजल या शब्दाशी नाते सांगते, आणि त्या भाषेत तो शब्द दुसऱ्याच एका फळाचा आहे. पेरू हे नाव पोर्तुगीजांच्या पेराचे. आणि सीतेचे नाव मिरवणारे हे फळसुद्धा अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेले. कुठल्या फळाला आपले म्हणावे आणि कुठल्याला पाहुणे, हा प्रश्न मला त्या प्रवासात फार सोपा वाटेनासा झाला. वाडीवरच्या त्या मुलाला सीताफळाची अढी कळते, एवढ्यावरून ते त्याचे आहे, असे मात्र मी मानतो.

पेणच्या वर्गात चिठ्ठी वाचली गेली. ‘चांदनी नाय. ५३ घरं हायत. सफरचंदाला किती गोट्या?’ मुलांनी बाजारातून आणलेले एक सफरचंद लगेच तोलले, चौतीस गोट्या भरल्या, तीन दशक चार, आणि उत्तर लिहिले गेले. मग बाकीचा शाडू निघाला. सफरचंद सर्वांना जमले: गोळा वळायचा, वर अंगठ्याने खळगा पाडायचा, काडीचा देठ खोचायचा. सीताफळाला मात्र वेळ लागला, कारण त्याच्या अंगावरचा प्रत्येक डोळा वेगळा उठवावा लागतो. दवाखान्यातल्या आजीची ती नात शेवटपर्यंत मागे राहिली. तिचे वडील गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात. सारे फळ पूर्ण करून तिने डोळे तेवढे अर्धवट ठेवले होते. बाईंनी विचारल्यावर ती म्हणाली, “डोळं सगल्यांत शेवटी करायचं असत्यात,” आणि आगपेटीच्या काडीने एकेक डोळा उघडत बसली.