विजेची सायकल, मागे बिऱ्हाड

विजेच्या सायकलीमागे ओढायचे कॅम्पिंग ट्रेलर दोन जातींचे असतात. एक सामानाचा: एकचाकी किंवा दुचाकी हलकी चौकट, तिच्यावर तंबू, अंथरूण-पांघरूण, स्टोव्ह. दुसरा झोपण्याचा, म्हणजे घडी उलगडली की दोघांना आडवे होता येईल अशी चाकांवरची खोलीच. डेन्मार्कच्या ‘वाइड पाथ’ कंपनीचा कॅम्पर हा या दुसऱ्या जातीचा नामांकित नमुना. मात्र डेन्मार्कमधली सर्वांत उंच नैसर्गिक जागा १७१ मीटरही भरत नाही. आपल्या मावळात लोणावळा गावच सुमारे ६२० मीटरवर वसले आहे.

खोपोलीहून बोरघाटातून लोणावळ्याचा चढ सुमारे ५५० मीटरचा. स्वार ७० किलो, सायकल २५ आणि भरलेला ट्रेलर ४५, असे १४० किलो एवढ्या उंचीवर न्यायला सुमारे २१० वॉट-तास ऊर्जा लागते. चाकांचे घर्षण आणि मोटरमधली नासाडी धरली, तर पॅडल न मारणाऱ्याची ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत जवळजवळ रिकामी होते. नोंदणी आणि परवान्यातून सूट हवी, तर मोटर २५० वॉटच्या आत असावी लागते आणि ताशी २५ किलोमीटरला तिचे साहाय्य थांबावे लागते. शंभर मीटरला पाच मीटर अशा चढावर या वजनाला ताशी ८ किलोमीटरसाठी १८० वॉट पुरतात, तर २५ किलोमीटरसाठी ५७०हून अधिक लागतील. म्हणजे घाट सावकाशच चढावा लागतो. इतक्या कमी वेगात चाकातली मोटर तापते. पॅडलपाशी बसवलेली मोटर गिअरचा फायदा घेते, म्हणून तीच बरी. १८६३ साली खुल्या झालेल्या याच बोरघाटातल्या रेल्वेचा चढ ३७ला १ एवढाच आहे, तरी गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात.

चढापेक्षा उतार अधिक धोक्याचा, आणि नवखे नेमके इथेच फसतात. चढताना साठलेली बरीचशी ऊर्जा उतरताना ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल, तर तो मागून सायकलीला ढकलतो आणि वळणावर आडवा येऊ पाहतो. लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून पवना जलाशयाकडे उतरताना वेग आधीच कमी ठेवावा, दोन्ही डिस्क ब्रेक आलटूनपालटून दाबावेत आणि मध्ये थांबून ते निवू द्यावेत.

जोडकडी सीटच्या दांड्याला नव्हे, मागच्या आसाला असावी. जोड जितका खाली, तितके हेलकावे कमी. जड सामान ट्रेलरच्या आसाच्या किंचित पुढे आणि तळाशी ठेवावे. मागचा भाग जड झाला की ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे, तेव्हा जुना महामार्गच धरावा लागतो. पण खोपोलीच्या बाजूने चढण्याचा हट्ट कशाला? पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे; तिथून लोणावळ्यापर्यंतच्या साठ-पासष्ट किलोमीटरांत एकूण उंची फारशी वाढत नाही. पवनेच्या काठी मुक्काम करायचा, तर कामशेतवरून पवनानगरला जाणारी वाट दुधिवरे खिंडीपेक्षा सौम्य. लोणावळ्यात वर्षाकाठी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. चार्जिंगची सोय मुक्कामाच्या मालकाला आधी विचारून घ्यावी.

मावळापुरता निवाडा सरळ आहे: झोपायची खोली सपाट देशांना लखलाभ, इथे तंबूसकट ३० किलोंच्या आत बसणारा सामानाचा ट्रेलरच योग्य.