रक्तदाब : एका आकड्यावर जाऊ नका

परवा एक गुरुजी दवाखान्यात आले. "डॉक्टर, काल वरचा दाब १५२ निघाला. आता जन्मभर गोळ्या का?" मी म्हटले, "गुरुजी, एका पेपरावरून मुलाची हुशारी ठरवता का?"

रक्तदाब दिवसभर वरखाली होतो. जिना चढून आल्यावर वाढतो, डॉक्टर दिसले तरी वाढतो! अनेक वेळच्या आकड्यांची सरासरी काढली की हे चढउतार एकमेकांना बरेचसे खोडतात. वेगवेगळ्या वेळच्या चार मोजण्यांच्या सरासरीत चुकीचा पल्ला साधारण निम्मा होतो, सोळांच्या सरासरीत पाव. सुटे आकडे कसेही विखुरलेले असोत, पुष्कळ आकड्यांच्या सरासऱ्या मात्र खऱ्या मध्याभोवती घंटेच्या आकारात जमतात. फ्रेंच गणिती लाप्लास यांनी १८१० मध्ये हा नियम मांडला.

गुरुजींनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून दाब मोजला. सरासरी १२८ आली. तूर्त गोळी टळली.

मात्र दंडाचा पट्टा लहान असेल तर शंभर वेळा मोजूनही आकडा जास्तच येईल. ती चूक सरासरीने जात नाही. आणि वरचा दाब १८० च्या पुढे असेल किंवा छातीत दुखत असेल, तर सरासरी काढत बसू नका. लगेच डॉक्टरांना गाठा.