जशी आच, तशी भट्टी!

कपडे, चुरमुरे, चुना, पोलाद... भट्टीला काहीच वर्ज्य नाही. कशाला किती आच द्यायची, एवढं कळलं की झालं! चला, सेल्सिअसची शिडी चढू या.

100 अंश : परिटाची भट्टी
सोड्याच्या पाण्यात भिजवलेले कपडे उकळत्या पाण्यावर रचायचे. मळ सोडवते ती वाफ; जाळ कपड्याला शिवतही नाही.

200 च्या वर : भडभुंज्याची भट्टी
कढईत वाळू कशाला? ती दाण्याला सगळीकडून सारखी बिलगते. आतल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते, चुरमुरा फुलतो आणि करपायच्या आत चाळणीत येतो.

900 : चुन्याची भट्टी
मुंबईच्या चुनाभट्टीचं नाव याच धंद्यावरून पडलं. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 56 किलो कळीचा चुना उरतो. बाकीचे 44 किलो? कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत!

1,000 च्या पुढे : जस्ताची भट्टी
जस्त 907 अंशांनाच उकळतं, पण खनिजातून सुटायला त्याहून जास्त आच मागतं. म्हणजे सुटलं की लगेच वाफ! उदयपूरजवळच्या जावरच्या कारागिरांनी मध्ययुगातच यावर तोड काढली. वांग्याच्या आकाराच्या मुशी भट्टीत तोंड खाली करून बसवल्या. वाफ खालच्या थंड भांड्यात उतरली की जस्त हाती. वापरून झालेल्या मुशी लोकांनी घरांच्या भिंतींत चिणल्या.

1,400 : ओतकामाची भट्टी
कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतल्या इंडक्शन भट्टीत ना कोळसा, ना ज्योत. भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात वीज खेळते आणि आतलं लोखंड स्वतःच तापतं. वितळल्यावर ढवळायलाही कुणी लागत नाही. चुंबकीय बलाने रस आपोआप घुसळतो.

2,000 : झोतभट्टी
वरून खनिज, कोक नि चुनखडी, खालून तापलेल्या हवेचा झोत. एकदा पेटवली की वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालते. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात या भट्ट्यांना नावं आहेत : गोदावरी, कृष्णा आणि अन्नपूर्णा. पहिल्या दोघींचं माहेर अर्थात त्र्यंबकेश्वर आणि महाबळेश्वर!

3,000 च्याही वर : सूर्याची भट्टी
फ्रान्समधल्या ओदेयो गावी 63 सपाट आरसे सूर्यप्रकाश एका अजस्र अंतर्वक्र आरशाकडे वळवतात. तो सगळं ऊन एका बिंदूवर आणतो आणि तिथे पोलादाचंही पाणी होतं. सरपणाचा खर्च शून्य. ढग आले की मात्र भट्टीला सुट्टी!